नुसतं बघायचं

४ जून

ताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर बघूनच कपाळाला आठ्या घातल्या असशील. असू देत, पण फाडू नकोस, वाच.

आई मजेत आहे, हे आधी सांगून टाकतो. उजव्या हाताला जरा भाजलंय. स्वयंपाकघरात किरकोळ काहीतरी झालं. पट्टी बांधली आहे, दवाखान्यात बदलून घेतो. काळजीचं काही नाही. पण शेजारच्या काकूंना तू अधूनमधून फोन करतेस हे मला ठाऊक आहे, आणि काकू तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाहीत. त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

मागच्या वेळचं मला उकरून काढायचं नाही. तू म्हणालीस, "आई माझ्याशी भांडत नाही रे आता, काहीतरी बिनसलंय." मी म्हणालो, "ताई, हा तुझा रजोगुण बोलतोय." तू फोन आपटलास तो आजतागायत. खरं सांगू? मी चुकीचं बोललो असं मला अजूनही वाटत नाही, वेळ चुकली एवढंच. अगं, जिच्या नाकावर कायम राग, जी पोस्टमनपासून घरमालकापर्यंत कुणालाही फैलावर घ्यायची, ती आपली आई दोन वर्षं माझ्या योगवर्गाला बसते आणि आता एक वावगा शब्द तोंडातून काढत नाही. आवाज चढत नाही. दार आपटत नाही. आमटीत मीठ जास्त झालं तरी गुपचूप जेवते.

वर्गात मी तिला पहिल्या रांगेत बसवतो. नवीन कुणी आलं की समजावतो, मनाचे तीन गुण असतात. सत्त्व म्हणजे स्वच्छ, जागा शांतपणा. रज म्हणजे तडफड, हाव, राग. तम म्हणजे जडपणा. तिघांचा तोल साधायचा. आणि साधला की माणूस कसा दिसतो ते या आजींकडे बघा. सगळे माना वळवून बघतात. आई समोरच्या भिंतीकडे बघत असते.

तेव्हा तू निर्धास्त राहा. जमलं तर दोन ओळी पाठव. आईला बरं वाटेल.

तुझा धाकटा भाऊ


१३ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "पोपट, पढवलेलं नको. खरं काय झालं ते लिही." सही नाही, काही नाही. पोपट म्हणणारं आता तूच उरलीस गं. इकडे मला गुरुजी म्हणतात.

बरं, लिहितो.

संध्याकाळचा वर्ग चालू होता. आई त्या दिवशी आली नव्हती, म्हणाली, दूध तापवते. मी आग्रह केला नाही. पुढच्या खोलीत आम्ही, मागे स्वयंपाकघर, मधलं दार लोटलेलं. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं करपलं. शेगडीजवळ फडकं होतं ते पेटलं, आणि त्यावरून खिडकीच्या पडद्याने पेट घेतला. मी वर्गात होतो, माझ्या लक्षात आलं नाही. वर्गाला एक बसड्रायव्हर येतो, आडदांड माणूस, पाठदुखीसाठी येतो. तो उठून धावला. दार ढकललं तर आई शेगडीसमोर खुर्ची टाकून बसलेली, हात मांडीवर, पाठ ताठ. समोर पडदा जळतोय. ड्रायव्हर ओरडला, "आजी, उतरवा ते!" तर ही उठली आणि ते लालबुंद पातेलं सरळ हाताने उचललं. फडक्याशिवाय. आणि धरून उभी राहिली, कुठे ठेवू म्हणून विचारायला.

ओरडली नाही, ताई. तळवा सोलून निघाला तरी ओरडली नाही.

ड्रायव्हरने पडदा ओढून काढला, बादलीभर पाणी ओतलं. आगीचं म्हणशील तर तेवढ्यावर भागलं. भिंत काळी झाली आहे. मग मी आईला विचारलं, "अगं, गॅस का नाही बंद केलास? बसून काय राहिलीस?"

ती म्हणाली, "बघत होते."

"बघत काय होतीस?"

"तूच सांगतोस ना, नुसतं बघायचं म्हणून."

एवढंच बोलली. आवाजात टोमणा असता ना, तर मी तिचे पाय धरले असते. पण टोमणा नव्हता. मुलाने गृहपाठ दाखवावा तसं म्हणाली.

मला जेवण जात नाही. उद्या तिचं रक्त तपासायला नेतो. वयोमानाने काहीतरी असेल. थायरॉईड वगैरे बिघडलं की माणसं अशी मंदावतात, मी वाचलंय. तू येण्याची घाई करू नकोस. रिपोर्ट आले की कळवतो.

पोपट


२४ जून

ताई,

रिपोर्ट आले. थायरॉईड ठीक. साखर ठीक. डोक्याचा फोटो काढला, तोही वयाच्या मानाने उत्तम. डॉक्टर खुशीत म्हणाले, "आजींची तब्येत ठणठणीत आहे," आणि माझं तोंड पडलं. त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

आता जे लिहितोय ते वाचून तू मला काय म्हणशील ते मी आधीच स्वतःला म्हणून घेतलंय. रिपोर्टचं पाकीट फोडताना मी मनात घोकत होतो, काहीतरी निघू दे. आईच्या रक्तात काहीतरी दोष निघू दे. म्हणजे माझ्या वर्गात नाही, माझ्या शिकवण्यात नाही, तिच्या गळ्यातल्या कुठल्याशा गाठीत. मुलगा आईसाठी दुखणं मागतो का गं? मी मागितलं. मिळालं नाही.

दुसरंही एक. मागच्या पत्रात लिहिलं की माझ्या लक्षात आलं नाही. खोटं आहे ते.

वर्ग संपत आला होता, सगळे शवासनात आडवे होते. दिवा मंद केलेला. मला करपल्याचा वास आला. चांगलाच आला. पाठोपाठ दाराच्या फटीतून धूर. कुणीतरी खोकलं, कुणीतरी डोकं उचललं. आणि मी, तुझा भाऊ, माझ्या त्या खास आवाजात, जो मी शवासनासाठी राखून ठेवलाय आणि ज्याचं बायका कौतुक करतात, त्या आवाजात म्हणालो, "वास येतो आहे... येऊ द्या. मन तिकडे धावतं आहे... धावू द्या. आपण उठायचं नाही. नुसतं बघायचं."

वीस माणसं धुरात आडवी पडून राहिली, ताई. मी सांगितलं म्हणून. त्यांच्यापेक्षा मला जास्त वास येत होता, कारण मी बसलेला होतो. पण मला वाटत होतं, काय सुंदर प्रसंग आलाय शिकवायला! दाराच्या अलीकडे मी बघत बसलो होतो आणि पलीकडे आई बघत बसली होती.

ड्रायव्हर तेवढा उठला. जाता जाता माझ्या अंगावर खेकसला, "अहो बघताय काय, जळतंय!" शिवी पण दिली एक. ती लिहीत नाही, पण योग्य होती.

तो आता येत नाही. इतरही बरेच येत नाहीत. परवा दुकानात दोघीजणी मला बघून हसल्या, एक दुसरीला म्हणाली, "येऊ द्या, येऊ द्या." मेल्याहून मेल्यासारखं झालं. साबण घ्यायला गेलो होतो, न घेताच परत आलो.

आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. हात दुखतो का विचारलं तर म्हणते, "बरा आहे." भूक आहे का विचारलं तरी म्हणते, "बरं आहे." वर्ग मी बंद ठेवला आहे. डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आहे. मनाच्या! माझ्या दारावर पाटी आहे, "मनाचा तोल साधा". ती मी आज उतरवली.

तू काही लिहिलंस तर बरं होईल. शिव्या घातल्यास तरी चालेल.

पोपट


५ जुलै

ताई,

तुझ्या कार्डावर दोनच शब्द. "मशीन कुठंय?"

कार्ड हातात घेऊन दारातच बसलो. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणी गेलं का?"

आईचं शिवणाचं मशीन मागच्या गॅलरीत आहे. चादरीखाली. वर मी चटया रचून ठेवतो.

तुला मी काय सांगितलं होतं? आईने शिवणकाम सोडलं, डोळे थकले, असं ना? डोळे थकले नव्हते. अंधुक उजेडातसुद्धा सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. मी ते मशीन हलवलं. वर्ग वाढला होता, पुढची खोली मोठी, उजेडाची, आणि तिथे आईचं मशीन, कापडांचे गठ्ठे, ट्रायल द्यायला आलेली गिऱ्हाइकं. शाळांचे गणवेश शिवायची ती, तू बघितलंयस, उन्हाळ्याच्या सुट्टीत उसंत नसायची. बाहेर व्हरांड्यात मी श्वास मोजायला सांगतोय आणि आत मशीन खडखडतंय, गिऱ्हाईक म्हणतंय कंबर सैल झाली, आई म्हणतेय तुम्हीच बारीक झालात. लोक हसायचे. मला राग यायचा. माझा राग मात्र मी 'शिस्त' म्हणायचो.

ती दोन दिवसांसाठी लग्नाला गेली होती तेव्हा मी मशीन मागे नेलं. विचारलं नाही. परत आली आणि अशी काही पेटली! "माझी खोली आहे ही! तुमचे वडील गेल्यावर याच खोलीत बसून तुम्हा दोघांना वाढवलंय मी!" ताई, त्यावर मी काय केलं असेल? मी तिचे हात हातात घेतले, तिला चटईवर बसवलं आणि म्हणालो, "आई, डोळे मीट. राग कुठे जाणवतो? छातीत? पोटात? त्याच्याशी भांडू नकोस. नुसतं बघ."

ती म्हणाली, "अरे, मशीन..."

मी म्हणालो, "मशीनचं नंतर. आधी राग बघ."

ते नंतर कधी आलंच नाही. ती तोंड उघडायची आणि मी म्हणायचो, "श्वास." दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. महिनाभर ती मशीन म्हणत राहिली आणि मी श्वास म्हणत राहिलो. मग ती म्हणायची थांबली. मला वाटलं, जिंकलो. तिच्यासाठीच जिंकलो असं वाटलं, हे तर आणखी लाजिरवाणं.

मनाच्या डॉक्टर बाई तरुण आहेत. त्यांनी आईशी एकटीशी बराच वेळ बोलून मग मला आत बोलावलं. म्हणाल्या, "खिन्नतेचा आजार आहे, औषधाने उतार पडेल, वेळ लागेल. पण मला सांगा, घरात या शेवटच्या मोठ्याने कधी बोलल्या?" मी मोठ्या तोंडाने म्हणालो, "दोन वर्षांत नाही!" सवयच लागली होती ना अभिमानाने सांगायची. बोललो आणि जीभ चावली. बाईंनी नुसतं लिहून घेतलं.

मी योगाला दोष देत नाही, ताई. याच अभ्यासाने मला एकेकाळी सावरलंय, ते तुला माहीत आहे. फळ्यावर मी स्वतः लिहायचो की तम अनेकदा सत्त्वासारखा दिसतो. जड माणूस आणि शांत माणूस, दोघेही गप्प बसलेले असतात. फरक ओळखायचा तर डोळ्यात बघा, तो जागा आहे का बघा. हे मी शिकवायचो, आणि माझ्याच पुढ्यात आई विझत चालली होती तर तिच्याकडे बोट दाखवून लोकांना म्हणायचो, बघा. तू शेकडो मैलांवरून नुसत्या फोनवर ओळखलंस. आणि बघ ना, स्वतःच्या मनातला रज मला सगळ्यांच्या मनात दिसला, फक्त माझ्यात नाही. मोठं व्हायचं होतं मला. गुरुजी व्हायचं होतं.

तुला फोनवर जे बोललो त्याची माफी मागतो. पहिल्या पत्रात लिहिलं होतं ना, वेळ चुकली म्हणून? वेळ नाही चुकली.

औषध सुरू झालं आहे. आईला बरं वाटेल का, ते डॉक्टर सांगतात. माझ्याशी बोलेल का, ते कुणी सांगत नाही.

पोपट


१० ऑगस्ट

ताई,

आई बोलली!

बोलली काय, माझी सालटी काढली. क्रमाने सांगतो, कारण पुढचं पत्र माझं नाही.

गेले काही दिवस ती उठून बसत होती. दूध नको, चहा कर, असं म्हणाली एकदा. हाताची जखम भरली आहे, पण तळवा आखडलेला आहे, मूठ वळत नाही, पेन धरता येत नाही. काल मी मशीन गॅलरीतून काढलं, पुसलं आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी होतं तिथे लावलं. चाक अडकत होतं म्हणून तेल घातलं. मग आईला हाताला धरून आणलं. मनात कुठेतरी वाटत होतं की ती आता डोळे पुसेल, माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. इतकं होऊनही मला शाबासकीच हवी होती, बघ.

आईने डाव्या हाताने चाक फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

"तेल कुठलं घातलंस?"

"घरातलंच."

"घरातलं म्हणजे? भाजीचं?"

"हो. तेलच ना ते."

मग जे सुरू झालं! "भाजीचं तेल? मशीनला? अरे गाढवा, चिकटून बसेल ना सगळं! आतून गोंद होईल! चाळीस वर्षं ते मशीन चालतंय, त्याला कधी पाण्याचा थेंब लागू दिला नाही मी, आणि तू त्याला फोडणी घातलीस?" चेहरा लाल, मानेची शीर टरारलेली. आणि माझ्या तोंडून, देवाशपथ सांगतो, सवयीने निघून गेलं, "आई, श्वास..."

रिळाचा डबा जवळच होता. डाव्या हाताने फेकून मारला तरी नेम चुकला नाही. कानाला टेंगूळ आलंय.

तेलावरून ती मशीनवर आली, मशीनवरून खोलीवर, खोलीवरून पहिल्या रांगेवर. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही चार शब्द ऐकवले, की तुम्ही रोज येऊन बघून जायचात, तुम्हाला तरी कळायला काय झालं होतं? मी मधे एक अक्षर बोललो नाही. शांत होतो म्हणून नाही, बोलायला तोंडच नव्हतं. ती थकून खाली बसली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "कागद घे. माझ्या मुलीला पत्र लिहायचंय. माझा हात तू घालवलास, आता तूच लिही. मी सांगते तसं."

पुढचं तिचं आहे.

"मुली, मी आता बरी आहे. तुझ्या भावावर थोडी नाराज आहे. तू फोन करायचीस तेव्हा मी नुसतं बरं बरं म्हणायचे, तुला वाईट वाटलं असेल. बोलायला आतून काही येतच नव्हतं गं. विहिरीत उतरल्यासारखं झालं होतं, वरून कुणी बोललं तर ऐकू यायचं, पण उत्तर द्यायला फार लांब वाटायचं. डॉक्टरीण चांगली आहे. गोळ्या कडू आहेत.

"हा मला पहिल्या रांगेत बसवून लोकांना दाखवायचा, बाजारात भोपळा मांडतात तसा. मला म्हणायचा, राग बघ. अरे, मला राग आला होता हे मला ठाऊक होतं. त्यासाठी डोळे मिटायची काय गरज? मला माझी खोली हवी होती. एवढंच होतं ते. 'आई, चुकलो, मशीन परत आणतो' असं म्हणाला असता तर माझा राग चहा होईपर्यंत टिकला नसता.

"तो वाईट नाही. मला वेळेवर जेवायला देतो, पट्टी बदलायला नेतो, परवा माझे केस विंचरले. पण याच्यापुढे मी काही बोलले की हा ऐकत नाही, तपासतो. मला तपासून घ्यायचं नाही. मला भांडायचंय. तुझ्याशी भांडते, तू उलट भांडतेस, मला गाढ झोप लागते. तेव्हा ये आणि मला घेऊन जा. मशीनही घेऊन जाऊ, आधी कुणाला तरी दाखवून ते तेल काढून घे. इथे परत यायचं का, ते मी तिकडे राहून ठरवीन. याला ते लिहिताना रडू येतंय. येऊ दे. तू लवकर ये."

ताई, पुन्हा मी. लिहून झाल्यावर आई म्हणाली, वाचून दाखव. दाखवलं. दुसऱ्याच वाक्याला तिने मला थांबवलं.

"थोडी नाराज? मी असं म्हणाले?"

"नाही."

"मग काय म्हणाले?"

"संतापले आहे, म्हणालीस."

"मग तू नाराज का लिहिलंस?"

हात आपोआप तसा वळला. बाकी सगळं जसंच्या तसं लिहिलं, तेवढा एकच शब्द मऊ करून टाकला, तिला न विचारता. मी घाईघाईने खोडायला गेलो तर तिने डावा हात कागदावर ठेवला.

म्हणाली, "खोडू नकोस. राहू दे तसंच. तू काय करतोस ते तिला एकदा डोळ्यांनी बघू दे. आणि खाली माझा शब्द लिही."

आई संतापली आहे.